पेंढा शिवारात राहिला
अणुभट्टीचा अपघात झाला तर गोठा, दूध, विहीर आणि वाटेवरचा प्रवासी यांनी काय करावं?

जपानात भात साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात कापतात. कापणी-झोडणी उरकली की पुष्कळ शेतकरी पेंढा खाचरातच राहू देतात आणि सवडीने गोळा करतात. आपल्याकडे तरी वेगळं काय असतं? २०१० च्या हंगामाचा असाच पेंढा २०११ चा मार्च उजाडला तरी फुकुशिमा आणि शेजारच्या मियागी प्रांतातल्या शिवारात पडून होता.

११ मार्चला दुपारी मोठा भूकंप झाला. पाठोपाठ समुद्र चढून आला. फुकुशिमा दायइची वीज केंद्राच्या आवारात पाणी शिरलं, जनरेटर बुडाले, भट्ट्या थंड ठेवणारे पंप थांबले आणि पुढच्या चार दिवसांत तीन भट्ट्यांतलं इंधन वितळलं. त्यातून जी वाफ आणि जे बारीक कण बाहेर पडले, ते वारा नेईल तिकडे गेले. पाऊस आणि बर्फ जिथे पडला, तिथे ते जमिनीवर उतरले. शिवारातल्या पेंढ्यावरही उतरले.

जपानच्या कृषी खात्याने १९ मार्चला पत्रक काढलं, की उघड्यावरची वैरण जनावरांना घालू नका. पत्रक योग्यच होतं. पण ते गेलं गुरं पाळणाऱ्यांकडे. भात पिकवून पेंढा विकणारा शेतकरी निराळा, त्याच्यापर्यंत ते नीट पोचलंच नाही. त्याने रिवाजाप्रमाणे पेंढा बांधला, विकला. गोठेवाल्याने विश्वासाने गव्हाणीत टाकला. जुलैमध्ये मिनामिसोमा इथून गेलेल्या गुरांचं मांस तोक्योत तपासलं, तेव्हा त्यात सिझियम मर्यादेच्या कित्येक पट निघालं. मग शोध घेतला, तर भट्टीपासून शंभर किलोमीटरहून लांब मियागीतला पेंढाही तसाच! तोवर मांस देशभर विकलं गेलं होतं. फुकुशिमासह चार प्रांतांतल्या गुरांची विक्री सरकारला थांबवावी लागली.

यात त्या गोठेवाल्याची चूक काय? काहीच नाही. भट्टीत बिघाड झाला तो इंजिनिअर लोकांचा प्रश्न. पण पत्रक कुणाकडे गेलं आणि कुणाकडे गेलं नाही, हा प्रश्न तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलाचा आहे. (यातल्या काही पदांची नावं सरकारने आता बदलली, पण गावात अजून हीच चालतात.) म्हणून हा विषय शेतीच्या पानावर घेतला.

दोन पाहुणे, एक आठ दिवसांचा, एक तीस वर्षांचा

भट्टीतून पुष्कळ प्रकारचे पदार्थ बाहेर पडतात. शेतकऱ्याने दोघांची नावं लक्षात ठेवली तरी पुरे. पहिलं किरणोत्सारी आयोडीन. त्याचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. म्हणजे आठ दिवसांनी निम्मा, सोळा दिवसांनी पाव, आणि ऐंशी दिवसांनी हजारातला एक भाग. दुसरं सिझियम. त्याला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. म्हणजे बापाच्या वेळचं लेकाच्या हयातीतही राहतं.

आयोडीन गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत जाऊन बसतं. लहान मुलांची ग्रंथी छोटी आणि भुकेली, म्हणून धोका मुलांना जास्त. ते मुलांपर्यंत पोचतं कसं? बहुतेक वेळा दुधातून. गाय दिवसभरात केवढ्या कुरणावरून तोंड फिरवते ते आपल्याला ठाऊक आहे. तेवढ्या गवतावर पडलेलं सगळं गोळा करून ती त्यातला काही भाग दुधात उतरवते, आणि तोही एका दिवसाच्या आत. माणसाने हवेतून घेतलं असतं त्यापेक्षा पोराच्या पेल्यातून जास्त जातं.

ही गोष्ट जगाला चेर्नोबिलनंतर कळली असं नाही. १९५७ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या विंडस्केल इथल्या भट्टीला आग लागली होती. तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी आजूबाजूच्या सुमारे पाचशे चौरस किलोमीटर टापूतलं दूध काही आठवडे गोळा करून ओतून दिलं. शेतकरी हळहळले असतील, पण दूध मुलांच्या पोटात गेलं नाही.

आणि तरीही २९ वर्षांनी चेर्नोबिलला काय झालं, ते पाहा.

२६ एप्रिल १९८६ च्या पहाटे युक्रेनमधल्या चेर्नोबिल केंद्राची चौथी भट्टी फुटली. शेजारीच प्रिप्यात नावाचं कामगारांचं शहर होतं, वस्ती सुमारे ४९ हजार. शनिवार होता, मुलं शाळेत गेली, बायका बाजारहाटाला गेल्या. कुणी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बसगाड्या आल्या आणि शहर रिकामं झालं. बाहेरच्या जगाला कळलं तेही सोव्हिएत सरकारकडून नाही. २८ तारखेला सकाळी स्वीडनमधल्या एका अणुकेंद्रात कामावर आलेल्या माणसाच्या बुटांनी तपासणी यंत्राची घंटी वाजवली, तेव्हा शोध सुरू झाला. त्या दिवशी रात्री मॉस्कोच्या दूरदर्शनने चार ओळींची बातमी दिली. कीव्ह शहरात तर १ मे ची मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली, पोरंबाळं घेऊन लोक रस्त्यावर.

तोवर खेड्यात काय चाललं होतं? वसंत ऋतू, कोवळं गवत, घरटी एक गाय. सकाळ-संध्याकाळ धार निघत होती आणि मुलं दूध पीत होती. शहरातल्या डेअरीच्या दुधाची निदान तपासणी झाली, पण खेड्यातल्या आजीने आपल्याच गोठ्यात काढलेल्या चरवीभर दुधाची तपासणी कोण करणार? म्हणून घरची गाय असणाऱ्या खेडुतांच्या मुलांना शहरातल्या मुलांपेक्षा जास्त त्रास झाला. ज्याला आपण सुख म्हणतो, घरचं दूध, तेच नडलं.

संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांच्या समितीने हिशेब दिला आहे. अपघाताच्या वेळी जी अठरा वर्षांखालची होती, त्यांच्यात १९९१ ते २०१५ या काळात बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागात थायरॉईडच्या कर्करोगाचे सुमारे १९ हजार रुग्ण नोंदले गेले. सगळेच अपघाताचे नव्हेत. वय वाढलं, तपासण्याही वाढल्या. पण अंदाजे चौथा हिस्सा त्या आयोडीनचा, असं समिती म्हणते. हा रोग बहुतेकदा बरा होतो, मृत्यू थोडे झाले. पण गळ्यावरचा व्रण आणि जन्मभराची गोळी राहिलीच. आणि हे सगळं फक्त दोन-अडीच महिने दूध बंद ठेवून पुष्कळसं टाळता आलं असतं.

शेजारच्या पोलंडने ते टाळलं. सोव्हिएत सरकारची वाट न पाहता त्यांनी २९ एप्रिललाच निर्णय घेतला, काही दिवसांत सुमारे एक कोटी ८५ लाख लोकांना साध्या आयोडीनचा डोस पाजला, त्यात एक कोटीच्या वर मुलं. कुरणावर चरणाऱ्या गाईंचं दूध मुलांना द्यायचं नाही, त्याऐवजी दुधाची भुकटी, असंही ठरवलं. गरीब देश, पण हालचाल झटपट केली. फुकुशिमाच्या वेळी जपाननेही दहाव्या दिवशी त्या प्रांतातलं दूध बाजारातून रोखलं. तिथल्या मुलांच्या वाट्याला चेर्नोबिलच्या मानाने फारच कमी आयोडीन गेलं, त्याचं एक मोठं कारण हेच.

वाऱ्याला वर्तुळ माहीत नसतं

नकाशावर कंपास ठेवून वर्तुळ काढायचं आणि आतल्यांनी निघायचं, बाहेरच्यांनी थांबायचं, ही सरकारी पद्धत. पहिल्या काही तासांसाठी ती बरोबरही आहे, कारण दुसरं काही हातात नसतं. फुकुशिमाला आधी ३, मग १०, मग २० किलोमीटर असं वर्तुळ वाढत गेलं. २० ते ३० किलोमीटरमधल्यांना घरात बसायला सांगितलं.

इइताते हे डोंगरातलं शेतकरी गाव. लोकवस्ती सहा हजारांच्या आसपास, गुरांसाठी नावाजलेलं. गावाचा बहुतेक भाग तीस किलोमीटरच्याही बाहेर. त्यामुळे किनाऱ्यावरून निघालेल्या लोकांना गावाने आसरा दिला. १५ मार्चला वारा वायव्येला फिरला, पाऊस आला, त्याचा बर्फ झाला, आणि ढगातलं सगळं इइतातेच्या शिवारावर उतरलं. गाव रिकामं करण्याचा हुकूम निघाला २२ एप्रिलला! मधले पाच आठवडे माणसं तिथेच होती. नामिए गावच्या लोकांचं तर आणखी वाईट. ते पळून ज्या त्सुशिमा भागात गेले, तिथेच लोट आला. लोट कुठे जाईल याचा अंदाज बांधणारं सरकारी संगणक यंत्र होतं, पण त्याचे नकाशे गावापर्यंत वेळेवर आलेच नाहीत.

याच काळात मिहारु नावाच्या छोट्या गावाच्या कारभाऱ्यांनी काय केलं तेही सांगायला हवं. वरून आदेश नव्हता. पण त्यांनी वाऱ्याची दिशा पाहिली, पावसाचा अंदाज पाहिला आणि १५ मार्चला आपल्या जबाबदारीवर गावात आयोडीनच्या गोळ्या वाटल्या. प्रांताच्या कार्यालयातून फोन आला, गोळ्या परत गोळा करा. कारभारी म्हणाले, नाही करत. नियमाने पाहिलं तर हे धोक्याचंच, गोळी चुकीच्या वेळी दिली तर उपयोग नसतो. पण त्या दिवशी त्यांनी घरबसल्या फक्त हुकमाची वाट पाहिली नाही, इतकं मात्र खरं.

पहिले दोन-तीन दिवस

आता कामाचं बोलू. अपघाताची सूचना आली तर पहिलं काम घरात जाणं. पक्क्या भिंतीचं, स्लॅबचं घर उत्तम. पत्र्याचं किंवा कुडाचं घर असेल तर शेजाऱ्याच्या पक्क्या घरात, शाळेत, पंचायतीत. दारं-खिडक्या लावायच्या, फटीत ओली फडकी खुपसायची, पंखा-कूलर बंद. बाहेरून आलेल्याने अंगावरचे कपडे उंबऱ्यातच काढून पिशवीत बांधून बाजूला ठेवायचे. निव्वळ वरचे कपडे काढले तरी अंगावर बसलेली बहुतेक धूळ जाते. मग साबणाने अंघोळ, डोकं धुऊन. अंग खरवडायचं नाही, कातडी फाटली तर धूळ आत जाते. बाहेर जाणं भागच असेल तर नाकातोंडाला ओला रुमाल, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि पावसात भिजायचं नाही.

रेडिओ चालू ठेवायचा. मोबाईलवर आलेल्या निरोपाबद्दल थोडं सांगतो. मार्च २०११ मध्ये फिलिपाइन्समध्ये बीबीसीच्या नावाने एक खोटा निरोप फिरला, की पाऊस पडला तर आयोडीनचं औषध गळ्याला लावा. शाळा सोडून दिल्या काही ठिकाणी. चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठाची दुकानं रिकामी केली. जखमेवरचं आयोडीन गळ्याला लावून काही होत नाही, आणि प्यायलं तर इजा होते. मिठातलं आयोडीन इतकं कमी असतं की उपयोग होईपर्यंत मीठच माणसाला मारील.

खरी गोळी असते पोटॅशियम आयोडाइडची. ग्रंथी आधीच साध्या आयोडीनने भरली की वाईट आयोडीनला जागा राहत नाही, एवढंच तिचं काम. सिझियमवर तिचा काही उपाय चालत नाही. मोठ्या माणसाला १३० मिलिग्रॅमची एक, तीन ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धी, त्याहून लहानाला पाव, नवजात बाळाला त्याच्याही निम्मी. लोट येण्याआधीच्या दिवसभरात किंवा आल्यावर दोन तासांत घेतली तर उत्तम, आठ तासांपर्यंतही चालते. दिवस उलटून गेल्यावर घेऊन फायद्यापेक्षा नुकसान. चाळिशी उलटलेल्यांना ती सहसा लागत नाही, आधी मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया. मात्र आरोग्य खात्याने सांगितल्यावरच घ्यायची, आदल्या दिवशी भीतीपोटी नाही.

आता गोठा. आपल्याला माणसांइतकीच जनावरांची काळजी, हे शहरातल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. वेळ असेल तर गुरं गोठ्यात बांधायची, रानात सोडायची नाहीत. गंजीवर ताडपत्री टाकायची. वरचा थर बाधला तरी आतली वैरण चांगली राहते. आधी झाकलेली वैरण घालायची, उघड्यावरची बाजूला राखून तपासणी होईपर्यंत हात लावायचा नाही. पाणी बोअरचं किंवा झाकलेल्या विहिरीचं. ओढ्याचं, तळ्याचं, छपरावरून साठवलेलं पाणी नको. भाजीपाल्यात पालेभाजी पहिली बाद, जमिनीतला कांदा-बटाटा आणि कोठारातलं धान्य निर्धास्त. धार काढावी तर लागणारच, नाहीतर सड सुजतात. पण ते दूध घरात प्यायचं नाही, वासरालाही नाही, डेअरीलाही नाही, हुकूम येईपर्यंत. पुढे मोठ्या प्रमाणात दुधाची भुकटी करून तीन-चार महिने ठेवली तर आयोडीन विरून जातं, सिझियम नसेल तर ती वापरताही येते.

घाईचेही बळी असतात

इथे एक सांगितलं पाहिजे, कारण ते फारसं सांगितलं जात नाही. फुकुशिमाच्या किरणांनी त्या पहिल्या दिवसांत एकही गावकरी दगावला नाही. दगावले ते धावपळीत. वर्तुळाच्या आत एक रुग्णालय होतं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं तिथे होती. त्यांना बसमध्ये बसवून तासन् तास फिरवलं, सोबत डॉक्टर नाही, सलाईन नाही. त्यात आणि त्यानंतर पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढे निवाऱ्यांमधल्या हालांनी, ताणाने, आजारपणाने फुकुशिमा प्रांतात दोन हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले आहेत. म्हणून म्हातारे, बाळंतिणी, ऑक्सिजनवरचे यांना पक्क्या घरात दोन दिवस ठेवून नीट तयारीने हलवणं हेच शहाणपण. ज्याला चालता येतं त्याने मात्र हुकूम झाल्यावर भांडीकुंडी बांधत बसू नये.

आणि गुरं? वीस किलोमीटरच्या आत साडेतीन हजारांच्या आसपास गुरं आणि तीस हजारांच्या आसपास डुकरं मागे राहिली. दोन दिवसांत परत येऊ असं म्हणून लोक निघाले होते. बांधलेली जनावरं दाव्यालाच उपाशी मेली, सुटलेली रानात फिरत राहिली. मे महिन्यात सरकारने उरलेली मारायचा आदेश दिला, मालकाच्या संमतीने. काहींनी ती दिली नाही. चेर्नोबिलला उलट केलं होतं, पन्नास हजारांवर गुरं ट्रकमध्ये घालून बाहेर काढली. पण बाहेर त्यांना घालायला वैरण कुठे होती? त्यातली फार मोठी संख्या शेवटी कापावीच लागली. म्हणजे गुरं हलवायची तर वैरणीचीही सोय हलवायची. नुसता ट्रक पुरत नाही.

वाटेवरचा माणूस

प्रवाशाचं दुखणं वेगळं. त्याला गाव माहीत नसतं, पोलीस पाटील माहीत नसतो. एस.टी.त किंवा गाडीत असताना सूचना आली तर काचा लावायच्या, आतली हवा आतच फिरवायची, आणि पोलीस दाखवतील त्या रस्त्याने निघायचं. चहासाठी उतरायचं नाही. वारा भट्टीकडून ज्या बाजूला वाहतो आहे त्या बाजूला जायचं नाही, त्याला आडवं निघायचं. रस्ता अडला असेल तर पक्की इमारत पकडायची. उतरल्यावर पायातलं बाहेर, कपडे बदल, अंघोळ.

पाण्याचीही एक गोष्ट. २३ मार्च २०११ ला तोक्योच्या एका जलशुद्धीकरण केंद्रात आयोडीन २१० बेकरेल निघालं, तान्ह्या बाळांसाठी मर्यादा होती १००. शहराने लगेच सांगितलं, बाळांना नळाचं पाणी पाजू नका, मोठ्यांनी काळजी करू नये, आणि बाळांच्या घरी बाटल्या पोचवल्या. दुसऱ्या दिवशी आकडा उतरला. आकडा, कुणासाठी, किती दिवस, हे तिन्ही सांगितलं की लोक घाबरतात पण गोंधळत नाहीत.

आता आपली मुलं शिकायला, कामाला जपानात जातात, आईवडील इथे काळजीत. तोक्योला राहणाऱ्याला काही धोका नाही. फुकुशिमातही बहुतेक भाग आता खुला आहे, रेल्वे २०२० पासून पुन्हा पूर्ण चालते. किनाऱ्याचा महामार्ग २०१४ ला प्रथम खुला केला तेव्हा मोटारीला परवानगी आणि दुचाकीला, पायी चालणाऱ्याला मनाई होती, ती का हे आता कळेल. अडसर लावलेल्या भागात शिरू नये आणि रानातली अळंबी, रानभाजी तोडून खाऊ नये, एवढं पुरे. चेर्नोबिलला २०२२ च्या युद्धाआधी हजारो पर्यटक जात. त्यांना नियम असत, की पूर्ण कपडे, उघड्यावर खायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, काही उचलायचं नाही, आणि निघताना यंत्रातून हातपाय तपासून घ्यायचे. युद्धापासून ते पर्यटन बंद आहे.

पुढची तीस वर्षं

आयोडीन विरलं की सिझियमशी संसार सुरू होतो. ते मातीच्या वरच्या दोन-तीन बोटांत चिकणमातीला घट्ट धरून राहतं. म्हणून जपानने शेतातला वरचा पाच सेंटीमीटरचा थर खरवडून पोत्यांत भरला. सुमारे एक कोटी चाळीस लाख घनमीटर माती ओकुमा आणि फुताबा गावांत साठवली आहे, २०४५ पर्यंत ती प्रांताबाहेर न्यायचा कायदा आहे. कुठे न्यायची ते अजून ठरलेलं नाही. आणि शेतकऱ्याचं काय? शंभर पिढ्यांनी केलेली वरची माती तीच होती. उरलं ते मुरूम आणि बाहेरून आणलेली भर.

यात एक गोष्ट आपल्या ओळखीची आहे. सिझियम आणि पालाश हे रसायनाच्या दृष्टीने भाऊबंद. जमिनीत पालाश कमी असेल तर पीक चुकून सिझियम उचलतं, भरपूर असेल तर उचलत नाही. फुकुशिमातल्या भाताला म्हणून पोटॅशचा जादा हप्ता दिला गेला. शिवाय २०१२ पासून प्रांतातल्या भाताचं प्रत्येक पोतं यंत्राखालून जाऊ लागलं, वर्षाला जवळपास एक कोटी पोती! मर्यादा किलोला १०० बेकरेल. पहिल्या वर्षी मर्यादा ओलांडणारी फक्त ७१ पोती निघाली, २०१५ च्या पिकापासून एकही नाही. मग २०२० पासून बहुतेक ठिकाणी नमुना तपासणीवर आले. तरी गिऱ्हाईक बरीच वर्षं नाक मुरडत राहिलं. तांदूळ शुद्ध झाला म्हणून नाव लगेच शुद्ध होत नाही.

गुरांसाठीही उपाय निघाले. चेर्नोबिलच्या बाजूला गाईंना प्रशियन ब्लू नावाचा निळा पदार्थ खुराकातून देतात, तो पोटातच सिझियम धरतो आणि शेणावाटे बाहेर काढतो. कत्तलीआधी दोन-तीन महिने चांगली वैरण घातली तरी मांस बरंच साफ होतं. डोंगर-रानाला मात्र उपाय नाही. जंगल खरवडता येत नाही. ब्रिटनमध्ये वेल्सच्या डोंगरावर १९८६ च्या पावसाने सिझियम उतरलं, तिथल्या मेंढपाळांना मेंढरं तपासून घेतल्याशिवाय विकायची बंदी होती. ती उठली २०१२ मध्ये. चेर्नोबिलपासून दोन हजार किलोमीटरवर, सव्वीस वर्षं!

आपल्या दारात

हे सगळं परदेशातलं, असं कुणी म्हणेल. चेर्नोबिलनंतर युरोपने भेट म्हणून पाठवलेलं आयर्लंडचं सुमारे दोनशे टन लोणी मुंबईच्या दूध योजनेसाठी आलं होतं. त्यात किरणोत्सार असेल अशी शंका काही मुंबईकरांनी घेतली, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने प्रा. एम. जी. के. मेनन यांच्यासह तज्ज्ञांची समिती नेमली, तिने लोणी खायला सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला आणि १९८८ मध्ये वाद मिटला. विचारणारे चुकले नव्हते आणि मोजणारेही नव्हते.

पालघर जिल्ह्यात तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमाच्याच जातीच्या, उकळत्या पाण्याच्या. रत्नागिरीत जैतापूरला मोठा प्रकल्प प्रस्तावित आहे. केंद्राभोवतालच्या सोळा किलोमीटरसाठी आपत्कालीन आराखडा असतो, कुंपणाबाहेरची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात, आणि ठराविक काळाने तालीमही होते. आराखडा तालुक्याला असतो. प्रश्न असा, की त्यातलं गावात किती जणांना ठाऊक आहे?

अशाच एका गप्पांत सरपंचांनी मला विचारलं, पंचायतीने आज काय करावं, पैसा न लागता? आम्ही चावडीवर बसून एक वही काढली. पक्क्या स्लॅबची घरं किती, शाळेत किती माणसं मावतील. पाच वर्षांखालची मुलं किती, गरोदर बाया किती, अंथरुणावरचे किती. दुभती जनावरं कुणाकडे, त्यातलं दूध कुठल्या डेअरीला जातं आणि घरी किती राहतं. झाकण असलेल्या विहिरी कुठल्या. पेंढा कोण विकतं आणि कुणाला विकतं. शेवटच्या ओळीशी सगळे थांबले, कारण तीन घरांचा पेंढा दरसाल दुसऱ्या तालुक्यातल्या तबेल्यात जातो आणि त्या तबेल्याच्या मालकाचा फोन नंबर गावात कुणाकडेच नव्हता. कोतवालाने तो दुसऱ्या दिवशी आणून दिला.